वहिवाटीचे तत्त्वज्ञान : अमेरिकन परंपरावादाचे एक वाचन

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने माझ्यापुढे एका इंग्रजी पुस्तकातील प्रकरणाची झेरॉक्स ठेवली. लेखक थॉमस सोवेल. प्रकरण भारतावरचे, म्हणजे आपल्या राखीव जागांवरचे. "सर, हे वाचा. लेखक काळा आहे बरं का. आणि तो काय म्हणतो ते बघा," एवढे बोलून ते तासावर निघून गेले. मी कागद पिशवीत टाकले. त्यांना उत्तर देता आले नाही, कारण हे नाव मी ऐकून होतो, वाचलेले नव्हते. लेखक काळा आहे एवढ्याने वाद संपला असे त्यांना वाटले होते. काळा असून असे लिहितो म्हणजे विकला गेलेला असणार, असे म्हणून मीही मनातल्या मनात वाद संपवून टाकला होता. आम्ही दोघेही पुस्तकाविषयी बोलत नव्हतोच.

नंतरचे काही महिने मी सोवेल वाचला. सोवेल ज्या विचारपरंपरेत उभा आहे ती परंपराही वाचली. हा लेख त्या वाचनाचा हिशोब आहे.

अमेरिकेशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. पुढे डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून शिकून आल्यावर, त्या काळी आपण ज्याला निग्रो साहित्य म्हणत असू, त्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष वेधले. १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ साली मुंबईच्या झोपडपट्टीत पोचले. या साऱ्यातून आपण जी अमेरिका ओळखली ती लढणाऱ्यांची. त्या लढ्याला जिने 'थांबा' म्हटले ती अमेरिका आपण वाचली नाही. विरोधकाला शिवी देणे सोपे असते, त्याला वाचायला बैठक लागते. आपल्या चळवळीत ही बैठक कमी पडली, असे मला नम्रपणे वाटते.

०

प्रथम शब्दाचा विचार करू. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला आपण 'पुराणमतवादी' किंवा 'सनातनी' म्हणतो. या दोन्ही शब्दांमुळे डोळ्यापुढे पोथी आणि सोवळे येते, आणि घोटाळा होतो. अमेरिकन परंपरावादी पोथी घेऊन येत नाही. तो आकडेवारी घेऊन येतो, घटनेचे कलम घेऊन येतो, आणि आजोबांच्या कष्टाची गोष्ट घेऊन येतो. त्याचे आवाहन रोजच्या जगण्याला असते : कुटुंब टिकवा, रविवारी चर्चला जा, कर्ज काढू नका, सरकारच्या दारी उभे राहू नका, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावा. यातले काय वाईट आहे? माझी आजी हेच सांगत असे. बाबासाहेबांनीही दारू सोडा, मुलांना शाळेत घाला, स्वच्छ राहा हेच सांगितले. म्हणून या विचाराला सनातनी म्हणून बाजूला सारता येत नाही. तो ज्या बिंदूवर आपल्यापासून वेगळा होतो तो बिंदू शोधला पाहिजे.

तो बिंदू मला रसेल कर्क यांच्या 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' या १९५३ सालच्या ग्रंथात सापडला. युद्धोत्तर अमेरिकन परंपरावादाचा हा पायाभूत ग्रंथ मानतात. कर्क यांनी आपल्या विचाराची सहा सूत्रे दिली आहेत. सुसंस्कृत समाजाला श्रेणी आणि वर्ग आवश्यक असतात, हे त्यातले एक. देवापुढची आणि न्यायालयापुढची समता त्यांना मान्य आहे, त्यापलीकडची नाही. दुसरे सूत्र त्यांनी एडमंड बर्क या अठराव्या शतकातील ब्रिटिश राजकारणी विचारवंताकडून घेतले. दीर्घकाळ चालत आलेली रीत आणि दीर्घकाळचा ताबा यांतूनच हक्क उत्पन्न होतो, माणसाच्या एकट्या बुद्धीपेक्षा पिढ्यांचे शहाणपण मोठे, असे ते सूत्र आहे. या कल्पनेला मराठीत नेमका शब्द आहे : वहिवाट.

वहिवाट म्हटल्यावर आपल्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. बांधावरची वाट, विहिरीचा काठ, पोळ्याचा मान, सगळे वहिवाटीवर. १९२७ साली चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे हेच होते की तळ्यावर फक्त आमचीच अनादि वहिवाट आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. बाबासाहेब दहा वर्षे कोर्टात एका अर्थाने बर्कच्या सूत्राशीच लढत होते.

कर्क यांच्या ग्रंथात जॉन कॅल्हून यांना सन्मानाचे स्थान आहे. हे तेच कॅल्हून, ज्यांनी १८३७ साली अमेरिकन सिनेटमध्ये गुलामगिरी ही अपरिहार्य आपत्ती नसून हिताचीच गोष्ट आहे असे प्रतिपादन केले. कर्क त्यांच्याकडे गुलामगिरीचे वकील म्हणून पाहत नाहीत. केंद्रसत्तेपासून प्रांताचे आणि अल्पमताचे रक्षण करणारे तत्त्ववेत्ते म्हणून पाहतात. येथेच समीक्षकाने थांबायला हवे. अल्पमत म्हणजे कोण? दक्षिणेतले गोरे जमीनदार. ज्या लाखो माणसांना त्यांनी विकले आणि विकत घेतले, त्यांची मोजदाद या अल्पमत-बहुमताच्या गणितात नाही. वहिवाटीच्या तत्त्वज्ञानाची ही पहिली खूण आहे : ताबा कोणाचा हे ते विचारते, तो कसा आला हे विचारत नाही.

दोन वर्षांनी, १९५५ साली, विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढले. ऑगस्ट १९५७ मध्ये, मतदानाच्या हक्काचे विधेयक अमेरिकन संसदेपुढे असताना, त्यात एक संपादकीय आले. दक्षिणेत जेथे गोरे संख्येने कमी आहेत तेथेही त्यांचेच चालले पाहिजे काय, असा प्रश्न त्यात होता. उत्तर 'होय' असे होते, कारण तूर्त तोच समाज पुढारलेला आहे. या भूमिकेवर त्याच नियतकालिकात मतभेदही छापले गेले, हे नमूद केले पाहिजे. पुढे १८ फेब्रुवारी १९६५ रोजी केंब्रिजच्या विद्यार्थी सभेत बकली आणि जेम्स बाल्डविन समोरासमोर आले. अमेरिकन स्वप्न हे अमेरिकन निग्रोच्या जिवावर उभे आहे, असा ठराव होता. बाल्डविनच्या बाजूने ५४४ मते पडली, बकलींच्या बाजूने १६४. म्हातारपणी, २००४ साली, बकलींनी एका मुलाखतीत कबूल केले की वर्णभेद आपोआप विरत जाईल हा आपला समज चुकीचा होता, केंद्र सरकारने हस्तक्षेप करणे आवश्यकच होते.

ही कबुली प्रामाणिक आहे. पण ती कधी आली पाहा. संपादकीयानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. 'हळूहळू होईल' असे सांगणाऱ्याचे त्या मधल्या काळात काही बिघडत नाही. ज्याला सांगितले जाते त्याची मात्र एक पिढी सरते.

०

आता माझ्या सहकाऱ्याने दिलेल्या लेखकाकडे येतो. थॉमस सोवेल यांचा जन्म १९३० साली नॉर्थ कॅरोलिनात झाला. वडील जन्मापूर्वीच गेले. लहानपणी हार्लेममध्ये आले. शाळा अर्धवट सुटली, मिळेल ते काम केले, मरीन दलात गेले, आणि १९५८ साली हार्वर्डची पदवी घेतली. त्यांच्या घराण्यात सहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. हे वाचताना मला तो माणूस परका वाटला नाही. मीही घरातला पहिला पदवीधर. तिशीपर्यंत सोवेल स्वतःला मार्क्सवादी म्हणवीत. १९६० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कामगार खात्यात ते उमेदवारी करीत होते. पोर्तो रिकोमधल्या साखर धंद्यात किमान वेतन वाढत होते आणि रोजगार घटत होता. वेतनामुळे घटला की वादळांनी ऊस झोपवल्यामुळे, असा वाद होता. वादळाआधी शेतात उभ्या उसाची आकडेवारी मिळाली तर याचा निकाल लागेल, असे सोवेल यांनी सुचवले. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. खात्याला खऱ्याखोट्यापेक्षा आपली योजना प्यारी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तेथून त्यांची वाट बदलली.

हा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण माझे आईवडील ऊसतोडीला जात. दोघे मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, फडाजवळ कोपी घालायची, टनावर मजुरी. हंगाम संपला की हिशोब, आणि उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला बांधलेले. सोवेल यांनी विचारलेला प्रश्न खरा होता, हे मी मान्य करतो. आपल्या बाजूच्या योजनेलाही आकडे विचारण्याची हिंमत पाहिजे. पण उभा ऊस मोजणाऱ्या या हुशार तरुणाला आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. माझ्या वडिलांच्या फडावर किमान वेतनाचा कायदा कधी पोचलाच नाही. सरकार मध्ये पडले नाही. मुकादम आणि मजूर, दोघांचा मोकळा करार. त्या मोकळ्या करारात वडिलांची तेवीस वर्षे गेली. मोकळ्या बाजारासाठी दोन्ही माणसे मोकळी असावी लागतात. एकाच्या घरात दाणा नसेल तर तो करार करीत नाही, पाय धरतो.

क्लॅरेन्स थॉमस यांचे 'माय ग्रँडफादर्स सन' हे २००७ सालचे आत्मकथन या परंपरेतले मला सर्वांत अस्वस्थ करणारे पुस्तक वाटते. जन्म १९४८, जॉर्जियातल्या पिन पॉइंट या गरीब वस्तीत. आजोबांनी वाढवले. आजोबा घरोघर तेल पोचवीत, नातवंडांना कडक शिस्तीत ठेवीत. थॉमस १९७४ साली येलमधून वकील झाले. मोठ्या वकिली कंपन्यांनी दारे लावली. पदवी गुणवत्तेची नसून वर्णामुळे मिळाली असणार, असा संशय त्यांना समोरच्यांच्या डोळ्यांत दिसला. तेव्हा त्यांनी सिगारच्या पाकिटावरची पंधरा सेंटची चिठ्ठी काढून आपल्या पदवीच्या चौकटीला चिकटवली. ही पदवी एवढ्याच मोलाची, म्हणून.

ही चिठ्ठी आपण ओळखतो. माझी नेमणूक झाली त्या आठवड्यात कोणीतरी सहज विचारले होते, "ओपनमधून की...?" वाक्य पुरे करायची त्याला गरज वाटली नाही. तेव्हा थॉमस यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मला त्यांच्या निदानाविषयी शंका आहे, आणि ती शंका त्यांच्याच पुस्तकातून उभी राहते. १९६८ साली ते पाद्री होण्यासाठी एका धर्मशाळेत शिकत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागल्याची बातमी आली तेव्हा एका गोऱ्या सहाध्यायाने, तो मरावा, अशी इच्छा बोलून दाखवली. थॉमस यांनी ती वाट सोडून दिली. त्या धर्मशाळेत राखीव जागेचा प्रश्न नव्हता. पदवीवर संशय नव्हता. तरी तिरस्कार होता. म्हणजे डाग सवलतीने लागला नाही, तो आधीच होता. सवलतीने त्या तिरस्काराला फक्त एक सभ्य भाषा मिळाली. आपल्याकडेही असेच आहे. बाबासाहेब परदेशी पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा कोणत्या कोट्यातून आले होते? तरी शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकत.

१९९१ साली थॉमस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. ॲनिटा हिल या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा त्यांनी सिनेटच्या समितीपुढे, हा माझ्यावर चाललेला आधुनिक झुंडबळी आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. समाजाने वर्ण पाहू नये असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला संकटाच्या क्षणी झाडाला टांगलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण झाली. त्या आठवणीचा आधार त्यांनी स्वतःसाठी घेतला. आरोप करणारी स्त्रीही त्याच पूर्वजांची लेक होती, तिच्या वाट्याला तो आला नाही. सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांना मान्यता दिली.

तिसरे पुस्तक जे. डी. व्हान्स यांचे 'हिलबिली एलेजी', २०१६ सालचे. लेखक गोरा, ओहायोतल्या मिडलटाउन या पोलादाच्या गावचा, मूळ केंटकीच्या डोंगराळ भागातल्या गरीब कुळातला. आई व्यसनात सापडलेली, आजीने सांभाळ केला. जानेवारी २०२५ मध्ये हे गृहस्थ अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. गोऱ्या गरिबीचे इतके जवळून केलेले वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. आजीचे शिवराळ, मायाळू बोलणे तर आपल्याच आळीतले वाटते. पण गरिबीचे कारण सांगायची वेळ आली की लेखक मुख्यतः आपल्या लोकांच्या सवयींकडे बोट दाखवतो. कारखाने का ओस पडले याला ओळी कमी मिळतात, कोण कामावर उशिरा येतो याला जास्त.

तिन्ही पुस्तकांचा आकृतिबंध एकच आहे. खाली दारिद्र्य, मध्ये एक कणखर वडीलधारा, वर यश. आजोबा, आजी आणि शिस्त यांना पानेच्या पाने मिळतात. परंतु शिडीच्या पायऱ्या मोजा. सोवेल यांना पुस्तकांची गोडी लागली ती हार्लेममधल्या सार्वजनिक ग्रंथालयात. व्हान्स ओहायो स्टेट विद्यापीठात शिकले ते सैनिकांसाठीच्या शिक्षणकायद्याच्या पैशावर, आणि येलमध्ये त्यांना भरघोस मदत मिळाली ती गरीब घरचे म्हणून. थॉमस यांनी अर्ज केला तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी घ्यायचे असे धोरण येलने आखलेले होते. या पायऱ्या पुस्तकांत लपवलेल्या नाहीत, पण त्यांना श्रेय नाही. त्या जणू जमिनीसारख्या असतातच, असे गृहीत धरलेले आहे. दलित आत्मकथनात असे होत नाही. आपला लेखक वसतिगृहाची पत्र्याची खोली, शिष्यवृत्तीचा उशिरा आलेला हप्ता, जुनी पुस्तके देणारे मास्तर हे सगळे नावनिशीवार सांगतो. 'मी एकटा वर आलो' हे वाक्य आपल्या आत्मकथनांत फारसे आढळत नाही. आपल्या साहित्याची ही नैतिक उंची आहे आणि ती आपण जपली पाहिजे.

०

आता त्या झेरॉक्सविषयी. सोवेल यांचे 'अफर्मेटिव्ह ॲक्शन अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक २००४ साली निघाले. त्यात भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका यांची पाहणी आहे. हेतू पाहू नका, परिणाम पाहा, ही त्यांची कसोटी. अस्पृश्यतेच्या छळाविषयी ते डोळेझाक करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे मुख्य आक्षेप तीन. तात्पुरती म्हणून आणलेली सवलत कायमची होते. तिचा लाभ त्या समाजातल्या बऱ्या स्थितीतल्यांना मिळतो. आणि लाभ थोडा असूनही समाजात वैर मात्र मोठे माजते.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरू करतो. वैर कशाने माजते? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आमची घरे पेटली. त्या ठरावाने कोणाची एक जागा गेली नव्हती, कोणाचा एक गुण कापला नव्हता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. म्हणजे वैराचे कारण जागा हे नाही. वहिवाट मोडते हे आहे. अमेरिकेत १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुले गेली तेव्हा जमाव धावून आला आणि सैन्य आणावे लागले. त्या मुलांना गुणांची सवलत नव्हती. झुंडीच्या रागाची किंमत ज्याच्यावर राग काढला त्याच्या खात्यावर मांडणे, हा कुठला परिणामवाद?

दुसरा आक्षेप मात्र माझ्या घरात शिरतो. माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, बाप प्राध्यापक आहे. माझा चुलतभाऊ अजून कोयता घेऊन जातो, त्याची मुलगी हंगामात शाळेबाहेर असते. या दोघींत आधी कोण, हा प्रश्न सोवेल यांनी विचारला म्हणून वाईट ठरत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली, आणि आपल्यात मोठी खळबळ झाली. मला वाटते, हा वाद आपणच आपल्या घरात, आपल्या भाषेत केला पाहिजे. तो आपण टाळला तर तो करायला आपले विरोधक टपलेले आहेतच.

पण सोवेल यांच्याच निरीक्षणातून त्यांच्या विरुद्धचा निष्कर्ष निघतो. गरिबातल्या गरिबाला राखीव जागेचा उपयोग करून घेता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी बाकीची साधने त्याच्याकडे नसतात, हे ते सांगतात. मग साधने द्या! वसतिगृहे वाढवा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, फडावर शाळा काढा. शिडी शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही म्हणून ती काढून घ्या, असे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते? ज्यांची शिडी भिंतीत कायमची बसवलेली आहे त्यांच्याच तर्कशास्त्रात ते बसते.

०

अमेरिकेतली ती बसवलेली शिडी कोणती? १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय हीच कामे करीत. १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी घर, शिक्षण आणि व्यवसाय यांना मदत करणारा कायदा झाला. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. अंमलबजावणी स्थानिक गोऱ्यांच्या हाती होती. १९४७ साली मिसिसिपीत सरकारने हमी दिलेल्या तीन हजारांहून अधिक कर्जांपैकी अवघी दोन कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली. इतिहासकार आयरा कॅट्सनेल्सन यांनी २००५ सालच्या आपल्या पुस्तकात या साऱ्याला गोऱ्यांसाठीचे आरक्षण म्हटले आहे. त्या कर्जातून घरे झाली, घरांच्या किमती वाढल्या, त्यातून मुलांची शिक्षणे झाली. आज ती मुले आणि नातवंडे मिळकत दाखवतात आणि म्हणतात, ही आमच्या आजोबांच्या कष्टाची. कष्ट होतेच. त्यासोबत कागदही होता.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशासाठी वर्ण विचारात घेणे घटनाबाह्य ठरवले. थॉमस यांनी त्यात स्वतंत्र सहमतीचे दीर्घ निकालपत्र लिहिले. राज्यघटना वर्णांध आहे, हे त्याचे सूत्र. हा शब्द न्यायमूर्ती हार्लन यांच्या १८९६ सालच्या विरोधी निकालपत्रातून येतो. रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवणाऱ्या बहुमताविरुद्ध हार्लन एकटे उभे राहिले, याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे. पण त्याच परिच्छेदात, प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता यांत गोरा वंश वरचढ आहे आणि आपल्या वारशाशी प्रामाणिक राहिला तर वरचढच राहील, असेही ते सांगून जातात. म्हणजे कायद्याने डोळे मिटले तरी वहिवाट अबाधित राहील, ही खात्री या सूत्राच्या शेजारीच लिहून ठेवलेली आहे. सूत्र उचलणारे शेजारचे वाक्य उचलत नाहीत.

आणि डोळे तरी पूर्ण मिटले का? या खटल्यातून बाहेर आलेल्या आकडेवारीवरून अभ्यासकांनी दाखवून दिले की हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा देणगीदार वगैरेंच्या खास यादीतले होते. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण १६ टक्क्यांहून कमी. बापाने येथे शिक्षण घेतले म्हणून मुलाला झुकते माप, ही प्रथा या निकालाने रद्द केली नाही. तिला तिकडे जो शब्द आहे त्याचा अर्थच वारसा असा होतो. आपण त्याला वतन म्हटले असते. निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशात, २०२४ साली, मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. सरकारी कंत्राटदारांनी भेदभाव न करता समान संधीसाठी पावले उचलावीत, असा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली काढलेला आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. साठ वर्षांची रीत एका सहीने गेली. पिढ्यांच्या शहाणपणाला जपा म्हणणाऱ्यांनी ही रीत का जपली नाही? कारण ती रीत होती, पण त्यांची वहिवाट नव्हती.

०

हे सगळे मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मांडले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे तो सोवेल खोटं लिहितो का?"

मी म्हटले, नाही. तो लिहितो त्यातले बरेच खरे आहे, आणि म्हणूनच तो वाचला पाहिजे. शिस्त लागते, हे खरे. सवलतीचा लाभ सारखा वाटला जात नाही, हे खरे. सरकारी खाते आपल्या योजनेच्या प्रेमात पडते, हेही खरे. पण तो हिशोबाची वही मधल्या पानापासून उघडतो. आपण पहिल्या पानापासून वाचायची मागणी करायची.

महार वतन आपलेच होते. हाडोळ्याची जमीन, गावकीचा मान, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. बाबासाहेबांनी सांगितले की हे वतन नव्हे, ही बेडी आहे, आणि ती तोडण्यासाठी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. आपल्यातल्याच अनेकांना ते पटले नव्हते. आपल्या हातातली वहिवाटसुद्धा न्यायाच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही शिकवण ज्यांना मिळाली, त्यांना अमेरिकन परंपरावाद वाचायला भिण्याचे कारण नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलीचा प्रश्न मी याच कसोटीला लावणार आहे, आणि उत्तर माझ्या मुलीच्या विरुद्ध गेले तरी मला ते मान्य करावे लागेल.

ती झेरॉक्स मी सहकाऱ्यांना परत दिली. समासात माझ्या शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांनी त्या वाचल्या की नाही, हे अजून विचारलेले नाही. विचारणार आहे.